अपुरी संहिता आणि वादकाचे दायित्व : अनियत संगीत व चेलोवादन

१

साहित्यकृतीचा अर्थ वाचक घडवतो, हे विधान गेल्या अर्धशतकात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, ही घडण प्रत्यक्षात कशी होते हे तपासण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. वाचक एकान्तात वाचतो. त्याने काय निवडले, काय टाळले आणि कोठे तो केवळ सवयीला शरण गेला, याची खूण मागे राहत नाही. संगीतात मात्र संहितेचे वाचन सर्वांसमक्ष आणि कालबद्ध असते. त्यातही रचनाकाराने मुद्दाम अपुरी ठेवलेली संहिता वादकाच्या हाती येते, तेव्हा वाचनातील प्रत्येक निर्णय ऐकू येतो. १९५० नंतर अमेरिकेत उदयास आलेल्या प्रयोगशील संगीतातील ‘अनियत’ रचनांचा इतिहास म्हणूनच साहित्यविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

या इतिहासात चेलो या वाद्याला एक विशेष स्थान आहे. मॉर्टन फेल्डमनच्या आलेखपद्धतीतील पहिली रचना एकट्या चेलोसाठी होती. रचनाकाराने दिलेले स्वातंत्र्य वादकाने कोठवर घ्यावे, याविषयीचा सर्वांत कडवट वाद एका चेलोवादिकेच्या वादनावरून झाला. पुढे वादन हेच संशोधन मानता येईल काय, हा प्रश्न विद्यापीठांसमोर आला तेव्हाही याच रचनांचे वादक त्या चर्चेत होते. या तिन्ही टप्प्यांवर एकच प्रश्न पुन्हा उभा राहतो. संहितेने जे सांगितलेले नाही, त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते?

प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. यदृच्छा आणि अनियतता या संकल्पना पुष्कळदा एकच मानल्या जातात. जॉन केजने १९५१ मध्ये ‘म्यूझिक ऑफ चेंजेस’ ही पियानोरचना सिद्ध करताना ‘ई चिंग’ या चिनी ग्रंथाचा आधार घेतला आणि नाणी उडवून स्वर, काल व तीव्रता ठरवली. येथे रचनेची प्रक्रिया यदृच्छेवर सोपवलेली होती. सिद्ध झालेली संहिता मात्र पूर्णतः निश्चित होती आणि वादकाला तिच्यात तसूभरही फेरफार करता येत नव्हता. १९५८ मध्ये डार्मश्टाट येथे दिलेल्या व्याख्यानांत केजने स्वतःच्याच या रचनेवर आक्षेप घेतला. रचनाकाराने आपली आवडनिवड दूर सारली; परंतु वादकावरील हुकमत कायम राहिली, असा त्या आक्षेपाचा आशय होता. सादरीकरणापूर्वी जिचे ध्वनिरूप ठरलेलेच नाही, अशी रचना म्हणजे अनियत रचना. यदृच्छेचा संबंध निर्मितीशी आहे, तर अनियततेचा सादरीकरणाशी.

२

फेल्डमनची ‘प्रोजेक्शन १’ ही रचना १९५० ची. पाच रेघांची नेहमीची स्वरलिपी तिच्यात नाही. कागदावर आडव्या तीन पट्ट्या आहेत : तारेला बोटाचा केवळ स्पर्श करून काढायच्या उपस्वरांची, बोटाने छेडण्याची आणि गजाने वाजवण्याची. प्रत्येक पट्टीत चौकोन वर, मध्ये अथवा खाली मांडलेले असून त्यांतून उच्च, मध्यम व नीच स्वरक्षेत्र सूचित होते. डावीकडून उजवीकडे काळ सरकतो. प्रत्येक घर चार आघातांचे आणि आघातांची गती मिनिटाला साधारण ७२. म्हणजे काळ ठरलेला, ध्वनीचा पोत ठरलेला, स्वरक्षेत्रही ठरलेले. स्वर तेवढा मोकळा.

वरवर पाहता वादकाला मिळालेली ही सवलत आहे. प्रत्यक्ष वाजवू लागल्यावर तिचे ओझे जाणवते. चेलोच्या चार तारा पंचमाच्या अंतराने जुळवलेल्या असतात. ‘खालच्या क्षेत्रातील कोणताही स्वर’ असे म्हटले की, वर्षानुवर्षांच्या तालमीने घडलेला हात मोकळ्या तारेकडे किंवा पहिल्या बैठकीतील परिचित बोटाकडे जातो. लगेचच्या चौकोनात उंच उपस्वर असेल, तर हाताला वाद्याच्या गळ्यावरून लांबचा प्रवास करावा लागतो. त्यामुळे पहिल्या स्वराची निवड दुसऱ्या स्वराला लागणाऱ्या वेळेवरही अवलंबून राहते. शिवाय दोन-तीन स्वर सहज निवडले की, त्यांतून एखादी ओळखीची सुरावट आकाराला येते आणि फेल्डमनला टाळायची असलेली स्वरसंगती मागच्या दाराने परत येते. कोणताही स्वर चालेल, असे संहिता म्हणते. हात मात्र आपल्याला सवय असलेलेच स्वर निवडू पाहतो.

या रचनेपुरते वादनकौशल्य म्हणजे मुख्यतः हाताची स्मृती ओळखणे आणि तिला आवर घालणे होय. ही स्मृती संहितेत नोंदलेली नसते. ती कागद न्याहाळून कळत नाही, वाजवताना कळते. फेल्डमनचा स्वतःचा अनुभवही हेच सांगतो. ध्वनींना मोकळे करावे म्हणून त्याने आलेख योजला. परंतु मोकळा झाला तो वादक, अशी त्याची तक्रार होती. आलेख म्हणजे उत्स्फूर्त वादनाला दिलेला परवाना नव्हे, असे त्याने पुढे स्पष्ट केले. मध्यंतरी काही वर्षे त्याने ही पद्धत सोडून दिली, नंतर पुन्हा स्वीकारली आणि १९६७ नंतर कायमची सोडली. चेलो आणि पियानोसाठी त्याने १९८१ मध्ये लिहिलेली ‘पॅटर्न्स इन अ क्रोमॅटिक फील्ड’ ही दीर्घ रचना निश्चित स्वरलिपीत आहे. दिलेले स्वातंत्र्य एका रचनाकाराने परत घेतल्याची ही घटना अनियत संगीताच्या गौरवकथांत सहसा येत नाही.

३

या ठिकाणी मराठी वाचकाच्या मनात एक तुलना येणे स्वाभाविक आहे. आपल्या रागसंगीतात संहिता नेहमीच अपुरी असते. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या भागांत शेकडो बंदिशी स्वरलिपीबद्ध केल्या, परंतु त्या लिपीवरून कोणी राग गाऊ शकेल असे त्यांनाही अभिप्रेत नव्हते. मग पाश्चात्त्यांनी १९५० मध्ये नवीन ते काय केले?

या तुलनेतील साम्यापेक्षा भेद अधिक बोधप्रद आहे. बंदिशीच्या लिपीत जे नसते, ते परंपरा पुरवते. रागाचे चलन, वर्ज्यावर्ज्य, न्यासाची स्थाने, घराण्याची शिस्त हे सर्व गुरुमुखातून गायकाच्या गळ्यात आधीच उतरलेले असते. कागदावरील रिकामी जागा ही अशा रीतीने परंपरेने भरलेलीच असते. ‘प्रोजेक्शन १’ मधील मोकळ्या जागेमागे अशी कोणतीही परंपरा नव्हती. उलट, वादकाला अवगत असलेली परंपरा तेथे अडसर ठरत होती. गायकाने संस्कारांवर विसंबावे अशी रागसंगीताची अपेक्षा असते. अनियत रचनेची अपेक्षा अशी की, वादकाने संस्कारांविषयी साशंक राहावे. केजला उत्स्फूर्त वादनाचे वावडे होते ते याच कारणाने. उत्स्फूर्ततेत माणूस आपल्या स्मृतीकडे आणि रुचीकडेच परततो, असे तो मानी. १९४६ मध्ये गीता साराभाई न्यूयॉर्कमध्ये त्याच्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकल्या आणि त्यांनी त्याला भारतीय संगीताचा परिचय करून दिला. त्यांच्याकडून केजने घेतली ती संगीताच्या प्रयोजनाविषयीची, चित्त शांत करण्याची धारणा. रागविस्ताराची पद्धती त्याने घेतली नाही. त्यामुळे अनियत संगीताला आलापीचा पाश्चात्त्य अवतार म्हणणे दोन्ही संगीतांवर अन्याय करणारे आहे.

४

परंपरा पाठीशी नसताना मोकळी जागा कशी भरायची, याची दोन टोकाची उत्तरे लवकरच पुढे आली.

१५ मे १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये केजच्या ‘कॉन्सर्ट फॉर पियानो अँड ऑर्केस्ट्रा’ या रचनेचा पहिला प्रयोग झाला. या रचनेची एकत्रित संहिताच नाही. पियानो आणि १३ वाद्यांची स्वतंत्र पत्रे आहेत, चेलोचे त्यांपैकी एक. वादकाने आपल्या पत्रातील कितीही भाग वाजवावा, अथवा काहीच वाजवू नये. स्वरचिन्हे लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन आकारांची. आकाराचा संबंध तीव्रतेशी, कालाशी की दोहोंशी, हे वादकाने ठरवावे. पहिल्या प्रयोगात काही वादकांनी या मोकळीकीचा अर्थ थट्टा असा घेतला. त्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे आणि त्यात तो खोडसाळपणा ऐकू येतो. फेब्रुवारी १९६४ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मनिकने लेनर्ड बर्नस्टाइनच्या पुढाकाराने केजची ‘ॲटलस एक्लिप्टिकॅलिस’ सादर केली, तेव्हाही वादकांकडून असहकार झाला. निष्णात वादकांच्या वृंदाने दिलेले हे उत्तर होते : जे निश्चित नाही, त्याची जबाबदारी आमची नाही.

दुसरे उत्तर पियानोवादक डेव्हिड ट्यूडरचे. संहिता जितकी मोकळी, तितकी तयारी काटेकोर, हा त्याचा नियम होता. मोजपट्टी घेऊन तो आलेख मोजी, कोष्टके करी आणि आपल्या निर्णयांची स्वतंत्र संहिता लिहून काढून तीवरून वाजवी. ही टिपणे आज लॉस अँजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेत जतन केलेली आहेत. रचनाकाराची संहिता आणि ऐकू येणारा ध्वनी यांच्यामध्ये वादकाची एक तिसरी संहिता असते, ही गोष्ट त्यांतून सिद्ध होते. टीकाकारांचे या तिसऱ्या संहितेकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. कारण रचना ही केजची आणि वादन हे तिचे केवळ वाहन, ही जुनी समजूत या नव्या संगीताच्या चर्चेतही टिकून होती.

५

या समजुतीची खरी कसोटी शार्लट मूरमनच्या निमित्ताने लागली. १९३३ मध्ये आर्कन्सॉ राज्यातील लिटल रॉक येथे जन्मलेल्या या चेलोवादिकेने न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संस्थेत शिक्षण घेतले आणि १९६३ पासून न्यूयॉर्कमध्ये अवाँ-गार्द महोत्सवांची मालिका चालवली. ज्या रचनेशी तिचे नाव कायमचे जोडले गेले, ती केजची ‘२६ मिनिटे १.१४९९ सेकंद : तंतुवादकासाठी’ (१९५५). चार तारांच्या कोणत्याही वाद्यासाठी असलेल्या या रचनेत स्वरांची नावे नाहीत. प्रत्येक तारेसाठी कागदावर एकेक क्षेत्र असून बोट तारेवर कोठे पडावे, एवढेच आलेखाने दाखवलेले आहे. गजाचा दाब किती आणि गज घोडीजवळ की दूर, याचेही आलेख आहेत. सर्वांत खालचे क्षेत्र तारांव्यतिरिक्त अन्य ध्वनींसाठी राखलेले आहे. हे ध्वनी वाद्याच्या अंगावरचे असतील किंवा शिट्टी, रेडिओ यांसारख्या सर्वस्वी अन्य साधनांचेही असतील, अशी मुभा केजने दिली आहे.

मूरमनने ही मुभा शब्दशः घेतली. त्या खालच्या क्षेत्रात तिने आपल्या काळातील वस्तू आणि मजकूर आणले. वर्तमानपत्री मजकुराचे वाचन, पिस्तुलाचा बार, फुटणाऱ्या काचेचा आवाज, कढईत परतल्या जाणाऱ्या अळंब्या. १९६५ मधील प्रयोगात नाम जून पाइक हा कलावंत उघड्या पाठीवर एक तार ताणून तिच्यापुढे बसला आणि तिने त्या तारेवर गज फिरवला. मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९१ पर्यंत, ती ही रचना पुन्हा पुन्हा घडवत राहिली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील तिच्या संग्रहात असलेली तिच्या वापरातील संहिता टिपणांनी भरलेली आहे. हा केवळ लहरीचा उद्योग असता, तर एवढ्या टिपणांची आवश्यकता नव्हती.

केजला हे वादन रुचले नाही. त्याच्या पत्रव्यवहारातून त्याची तीव्र नापसंती व्यक्त झालेली आहे. ध्वनींनी स्वतःखेरीज कशाकडेही निर्देश करू नये, ही त्याची भूमिका होती. मूरमनच्या हातून तेच ध्वनी स्त्रीचे शरीर, युद्ध आणि बाजारपेठ यांकडे निर्देश करू लागले. येथील पेच बारकाईने पाहण्याजोगा आहे. मूरमनने संहितेतील कोणतीही स्पष्ट आज्ञा मोडली म्हणून केज नाराज झाला, असे म्हणता येत नाही. अन्य ध्वनींना मुभा त्यानेच दिली होती. मोडला गेला तो एक अलिखित संकेत. वादकाने आपली रुची बाजूला ठेवावी, विरक्त राहावे, हा तो संकेत होता. अनियत संहितेलाही मर्यादा होती आणि ती कागदावर नसून रचनाकाराच्या प्रकृतीत होती, हे मूरमनच्या वादनामुळेच उघड झाले. अभ्यासकांनी १९६० च्या दशकातील या वादाकडे गंभीरपणे पाहिले ते मात्र बऱ्याच उशिरा. बेंजामिन पीकट याने २०११ च्या ग्रंथात त्याची चिकित्सा केली, २०१४ मध्ये जोन रॉथफस हिने लिहिलेले मूरमनचे चरित्र आले आणि २०१६ मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या ब्लॉक संग्रहालयाने तिच्यावर प्रदर्शन भरवले.

६

साहित्यसिद्धान्ताने या संगीताशी नाते जोडले ते याच काळात. उम्बेर्तो एकोच्या ‘ओपेरा आपेर्ता’ (१९६२) या ग्रंथातील विवेचनाचा आरंभ बेरिओ, पूसेर, श्टॉकहाउझेन आणि बुलेझ यांच्या रचनांपासून होतो. वादकाला पर्याय देणारी रचना हे त्याच्या ‘मुक्त कलाकृती’चे आद्य उदाहरण आहे. रोलाँ बार्थचा ‘लेखकाचा मृत्यू’ हा निबंध प्रथम इंग्रजीत, १९६७ मध्ये, ‘ॲस्पेन’ या नियतकालिकाच्या ५-६ या जोडअंकात आला. तो अंक म्हणजे एक पेटी होती आणि तिच्यात मॅक्स नॉयहाउस या तालवादकाने वाजवलेल्या केज व फेल्डमन यांच्या रचनांची ध्वनिमुद्रिकाही होती. लेखकाच्या मृत्यूची घोषणा आणि अनियत संगीत एकाच पेटीतून वाचकांपर्यंत पोहोचले.

त्याच वर्षी, ९ फेब्रुवारी १९६७ रोजी, मूरमनला न्यूयॉर्कमध्ये पाइकची ‘ऑपेरा सेक्स्ट्रॉनिक’ ही रचना अर्धअनावृत अवस्थेत सादर करताना अटक झाली. न्यायालयाने तिला अश्लील अंगप्रदर्शनाबद्दल दोषी ठरवले; शिक्षेची अंमलबजावणी मात्र स्थगित ठेवली. रचना पाइकची, आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली ती वादिका.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की, ‘मुक्त संहिता’ या संकल्पनेतील एक उणीव दिसू लागते. बार्थचा वाचक हे एक स्थान आहे. त्याला इतिहास नाही, चरित्र नाही, असे बार्थ आग्रहाने सांगतो. वादकाला मात्र शरीर असते. त्याचे शिक्षण झालेले असते, त्याच्या बोटांना सवयी असतात, तो स्त्री किंवा पुरुष असतो, कायद्याच्या कक्षेत असतो. अर्थनिर्मितीचा अधिकार वाचकाकडे गेला की, त्या निर्मितीचे श्रम आणि परिणामही त्याच्याकडे जातात. सिद्धान्ताने अधिकाराचा विचार केला. श्रमाचा आणि परिणामांचा फारसा केला नाही. एकोने पुढे १९९० मध्ये अर्थनिर्णयनाच्या मर्यादांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याने या मर्यादा संहितेच्या बाजूने तपासल्या. वादकाच्या बाजूने त्या तपासण्याचे काम बाकी राहिले.

७

हे काम वादनाधिष्ठित संशोधनाने अंगावर घेतले, असे म्हणता येईल. ख्रिस्तोफर फ्रेलिंगने १९९३ मध्ये कलेविषयीचे, कलेद्वारा होणारे आणि कलेसाठीचे संशोधन असा त्रिविध भेद मांडला. १९९६ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे ऑर्फियस संस्था स्थापन झाली. ब्रिटन आणि युरोपातील विद्यापीठांनी वादन व त्यावरील विवेचन यांना मिळून प्रबंधाचा दर्जा देण्यास सुरुवात केली. लीड्स आणि हडर्सफील्ड या विद्यापीठांनी २०१५ नंतरच्या काही वर्षांत केजच्या ‘कॉन्सर्ट’वर प्रकल्प राबवला. त्यात अभ्यासक मार्टिन इडन आणि पियानोवादक फिलिप थॉमस यांनी एकत्र काम केले आणि २०२० मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चेलोवादक आन्टॉन लुकोशेविएझे याने १९९५ मध्ये स्थापन केलेल्या ‘अपार्टमेंट हाऊस’ या वाद्यवृंदाचाही या प्रकल्पात सहभाग होता.

या संशोधनावर घेतला जाणारा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. स्वतः वाजवायचे आणि स्वतःच त्याचे समर्थन लिहायचे, यात प्रमाणाचा निकष कोणता? प्रत्येक वादन नवीन म्हणून प्रत्येक वादन संशोधन, असे म्हटले तर ‘संशोधन’ या शब्दाला अर्थ उरत नाही. अनियत संगीताच्या इतिहासातूनच याचे एक उत्तर निघते. मोकळ्या जागी काय वाजले, एवढे सांगणे पुरेसे नाही. तेच का वाजले, कोणते पर्याय नाकारले, कोठे हाताने परिचित वाट धरली आणि ती कशी सोडवली, याचा माग दुसऱ्या वादकाला घेता आला पाहिजे. ट्यूडरची कोष्टके आणि मूरमनची टिपणे या कसोटीला उतरतात, मग त्या दोघांनी संशोधन हा शब्द वापरलेला असो वा नसो. १९५८ च्या प्रयोगातील थट्टा या कसोटीला उतरत नाही. केवळ चांगले वादनही उतरेलच असे नाही.

रचनाकारांनीही हे ज्ञान पुढे मान्य केले. केजची ‘वन ८’ (१९९१) ही चेलोरचना याचे उदाहरण आहे. वक्र गज विकसित करणाऱ्या मिखाएल बाख या चेलोवादकासाठी ती लिहिलेली आहे. सरळ गज चारही तारांवर एकाच वेळी टिकून राहू शकत नाही; वक्र गजाने चार स्वर एकत्र आणि दीर्घकाळ धरता येतात. ५३ लवचीक कालकंसांत बसवलेल्या या रचनेचे ध्वनिविश्व त्या गजावाचून संभवत नाही. १९५५ मध्ये केजने चार तारांचे वाद्य वाजवणाऱ्या कोणाही वादकासाठी लिहिले. १९९१ मध्ये त्याने एका वादकाच्या हातातील साधनापासून सुरुवात केली. या ३६ वर्षांत वादक हा संहितेचा वाहक न राहता तिचा पूर्वाधार झाला.

मराठी समीक्षेत वाचककेंद्री विचार रुजू लागला तो प्रामुख्याने वाचकाच्या मुक्तीचा विचार म्हणून. संहितेत रिकाम्या जागा असतात आणि वाचक त्या भरतो, एवढ्यावर आपण बहुधा थांबतो. अनियत संगीताचा इतिहास पुढचे प्रश्न विचारतो. त्या जागा वाचक कशाने भरतो? स्वतः शोधलेल्या अर्थाने, की शाळेत, जातीत, वाङ्मयीन संस्कारात घडलेल्या सवयीने? आपल्या निवडीचा हिशेब तो देऊ शकतो काय? चेलोवादकाला हे प्रश्न टाळता येत नाहीत, कारण त्याची निवड ऐकू येते. वाचकाची निवड ऐकू येत नसली, तरी हिशेबाचे दायित्व तितकेच असते. आणि समीक्षा म्हणजे तो हिशेब लेखी मांडणे, असे मानले तर वाचकाच्या स्वातंत्र्याविषयीची आपली बरीच विधाने पुन्हा तपासावी लागतील.